सहावी गाठ

१० फेब्रुवारी

चि. घोरपडीस,

आशीर्वाद. आपल्याला एक आजी आहे हे आठवत असेल तर पुढे वाच. आठवत नसेल तर हा कागद चुकून भलत्याच घरी आला असं समजून शेजारी नेऊन दे. तिथे एक मुलगी राहते. ती इमारतींना लटकते आणि खाली उतरली की सगळं विसरते.

तुझं मागचं पत्र आलं. पत्र आलं, दोरा आला नाही. किती वेळा सांगायचं? मला अक्षर ओळखता येत नाही. मी बोलते आणि खालच्या मजल्यावरचा शिंपी लिहितो. तू लिहितेस आणि तोच शिंपी वाचतो. माणूस भला आहे, पण भल्या माणसाच्या हातातही कात्री असते. (तो विचारतोय, हे लिहू का. लिही.) म्हणून तर आपलं ठरलं होतं, एक गोष्ट बोलून झाली की दोऱ्याला एक गाठ. पत्र पोचलं की गाठी मोजायच्या, गोष्टी मोजायच्या. जुळल्या तर शिंपी प्रामाणिक, नाही जुळल्या तर त्याचा चहा बंद. तुझ्याकडूनही तसंच. तू तर गाठींच्या भरवशावर पोट भरतेस, तुला वीतभर दोरा जड झाला?

ही एक गोष्ट झाली.

तुझ्या काकाने मला नवी काठी आणली. तिला खाली रबर आहे, आवाज होत नाही. त्यामुळे मी येतेय हे कुणाला कळत नाही आणि मला बरंच काही ऐकायला मिळतं. काकू आता फार जपून बोलते.

समोरची दूधवाली रोज विचारते, नात काय करते. मी सांगायचे, काचा पुसते. ती म्हणायची, अगं बाई, एवढी शिकून? आता मी सांगते, तीस मजल्यांवर तिचं काम चालतं. तेव्हापासून ती गप्प आहे. यात खोटं काही नाही.

काका म्हणतो, नऊ महिने काचा आणि तीन महिने डोंगर हे काय जगणं झालं? ना धड नोकरी, ना धड वनवास. मी म्हटलं, तू बारा महिने नोकरी करतोस आणि बारा महिने कुरकुरतोस, त्यापेक्षा बरं. मग तो जेवला नाही. संध्याकाळी जेवला.

तू मागच्या वर्षी डोंगरावरून पाठवलेली कपारीतली बोरं संपली. शेवटचं बोर मी दोन दिवस गालात ठेवलं होतं. या जूनला पिशवी जरा मोठी घे.

दोरा जोडला आहे. मोज.

आजीचा अंगठा


२४ फेब्रुवारी

ती. आजीस,

नमस्कार. चुकले. या वेळी दोरा जोडलाय आणि तो साधासुधा नाही. आमच्या कामाच्या दोराच्या पोटातला धागा आहे. त्याला तुझा मुलगा लटकला तरी तुटणार नाही, कुरकुर करेल फक्त. तुझा दोरा मनगटाला बांधलाय. मोजायचा राहिलाय. मोजेन.

तू विचारत असतेस की वर भीती वाटत नाही का, तर आमची रीत सांगते. काठावरून उतरायच्या आधी ज्याने त्याने आपली गाठ आपण मारायची. मग जोडीदाराने ती हाताने ओढून, डोळ्यांनी बघून म्हणायचं, "बघितलं." हा शब्द कानावर पडल्याशिवाय कुणी पाय बाहेर टाकत नाही. माझा जोडीदार बांबू. लांब आहे म्हणून बांबू. आम्ही दिवसातून दहा वेळा एकमेकांना "बघितलं" म्हणतो. बांबू म्हणतो, लग्न झालेली माणसंसुद्धा एकमेकांकडे इतकं बघत नसतील. तू लगेच काही मनात आणू नकोस. त्याचं लग्न झालेलं आहे.

मुकादमाने परत विचारलं. ऑफिसात फोनचं टेबल रिकामं झालंय. बारा महिने पगार, डोक्यावर छप्पर, खुर्चीला चाकं. फक्त तीन महिन्यांची रजा नाही. मी नको म्हटलं. तो म्हणाला, गुडघे काही जन्माला पुरत नाहीत. मी म्हटलं, माझी आजी ऐंशीची आहे, तिचे अजून चालतात.

हवा स्वच्छ असली की सव्विसाव्या मजल्यावरून रस्त्याच्या टोकाला, दोन इमारतींच्या फटीत डोंगर दिसतो. आपण खालून ज्याला उंटाची पाठ म्हणतो, तोच. एवढासा. काच पुसता पुसता मी त्याच्याकडे बघते. आठ आठवडे राहिले.

तुझी
घोरपड


१५ मार्च

चि. घोरपडीस,

आशीर्वाद. तुझा धागा शिंप्याने कात्रीने कापून बघितला. कात्रीची धार गेली. तो तुझ्यावर रागावलाय.

गाठी चार, गोष्टी चार. तू प्रामाणिक आहेस. मी पाठवलेल्या मोजल्यास का? नसणारच.

खुर्चीला चाकं आहेत म्हणतेस, तर ती कुठे जाते? टेबलापासून भिंतीपर्यंत. म्हणजे तेही फिरणंच झालं.

आता तुला एक सांगते, काकाला सांगू नकोस. मी चाळीस वर्षं डोंगरातलं गवत कापलं. कड्याच्या पट्ट्यांवर जिथे गुरं पोचत नाहीत तिथे चांगलं गवत असतं. कमरेला दोर बांधून उतरायचं, वर मोठी जाऊ दोर धरून उभी. खाली ती, तर वर मी. लोक म्हणायचे, बिचाऱ्या, काय दिवस आलेत. आम्ही मान खाली घालायचो. खरं सांगायचं तर मला त्यासारखं दुसरं काही आवडलं नाही. तिथे वारा असतो. सासूचा आवाज पोचत नाही. कपारीत बोरं मिळतात. पण मी हे कधी तोंडातून काढलं नाही. गवत घेणाऱ्याला कळलं असतं की हिला मजा येते, तर त्याने भाऱ्याला भाव कमी दिला असता. तूही मुकादमासमोर फार हसू नकोस.

दोरा या वेळी जाड आहे, गाद्या शिवायचा. का, ते मला विचारू नकोस. विचारायचंच तर शिंप्याला विचार.

बांबूच्या बायकोला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, तुझा नवरा वर काय बोलतो ते आम्हाला ठाऊक आहे.

आजीचा अंगठा

(आजींनी अंगठा या वेळी फार दाबला, शाई पसरली. माफी असावी. शिंपी.)


३० एप्रिल

ती. आजीस,

नमस्कार. पत्राला उशीर झाला.

मी फोनचं टेबल घेतलं. पहिल्या तारखेपासून बसते आहे. खोली तळमजल्यावर आहे. एक खिडकी आहे, तिच्यासमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे.

काम सोपं आहे. लोक फोन करतात, काचा कधी पुसणार विचारतात. मी वहीत बघून दिवस सांगते. दिवसाला तीसेक फोन होतात. दुपारी डबा खाते. सहाला घरी.

या वर्षी डोंगरात जाणार नाही. रजा मिळत नाही. बूट, दोर, तंबू सगळं पोत्यात घालून कपाटावर ठेवलं आहे.

तब्येत ठीक आहे. झोप लागते. जेवते. काळजी करू नकोस.

शिंपीकाका, इथून पुढचं आजीला वाचू नका. तुम्हाला तरी का सांगते आहे ठाऊक नाही. कुठेतरी लिहून ठेवायचं आहे म्हणून समजा. २८ मार्चला बांबू पडला. बऱ्याच दिवसांनी त्या दिवशी हवा स्वच्छ होती. त्याने गाठ मारली आणि माझ्याकडे वळला. मी उंटाच्या पाठीकडे बघत होते. वरचा बर्फ वितळून काळा दगड दिसायला लागला होता. मी तिकडे बघतच म्हणाले, बघितलं. हात लावला नाही, डोळे फिरवले नाहीत. तो उतरला आणि दोन मजले खाली गच्चीवर आपटला. कंबर मोडली. जगला आहे, काठी घेऊन चालेल म्हणतात. दोरावर परत कधी नाही. चौकशी झाली. गाठ त्याने चुकीची मारली, असं ठरलं. तोही म्हणतो, माझीच चूक, घाईत होतो. मला विचारलं, तू बघितलं होतंस ना. मी हो म्हटलं. त्या दिवशी रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. अजून आलेलं नाही. हे वाचून कागद फाडून टाका.

तुझी
घोरपड


२० मे

चि. घोरपडीस,

आशीर्वाद. तुझं पत्र शिंप्याने वाचलं. वाचताना मध्येच त्याला ठसका लागला. पाणी दिलं. पाणी पिऊन त्याने कागदाची घडी घातली आणि म्हणाला, झालं. टेबल, फोन, रजा नाही, तब्येत ठीक. चार गोष्टी.

तुझा दोरा मी मोजला. गाठी पाच.

त्याला चहा दिला, वर बिस्किट दिलं. दुसऱ्या दिवशी परत मोजला. पाचच. तिसऱ्या दिवशी म्हटलं, एखादी गाठ आपोआप पडली असेल. पण तुझ्या हातून गाठ आपोआप पडत नाही. एक गोष्ट लिहिलीस की बोटं आपसूक एक गाठ मारतात, ही सवय तुला मीच लावली. तू शिंप्याला सांगितलंस वाचू नको, बोटांना सांगायला विसरलीस.

हे सगळं मी त्याच शिंप्याला सांगून लिहवते आहे. त्याचे कान लाल झालेत. लिही रे, थांबू नकोस.

तर ऐक. पाचवी गोष्ट काय, हे मी त्याला विचारलेलं नाही. त्याने कागद फाडलाही नाही. मशिनच्या खणात ठेवलाय, मी बघितलं. दुपारी तो जेवायला जातो तेव्हा खण उघडाच असतो. तो कागद मी हातात घेऊन बसले तरी तुझी गोष्ट जशीच्या तशी राहील. या घरात कागद फक्त माझ्यापासूनच सुरक्षित आहे.

पण तुझ्या त्या चार गोष्टी मी परत परत वाचायला लावल्या. वाचतो शिंपी, पण पत्र तुझं वाटत नाही. त्यात एक टोमणा नाही. काकाचं नाव नाही. जेवते, झोपते, सहाला घरी. आपल्या जुन्या घरमालकाची पत्रं अशी असायची.

गाठी मी बोटांनी मोजल्या नाहीत, ओठांनी मोजल्या. का, ते तुझ्या फेब्रुवारीच्या दोऱ्यात आहे. अजून जवळ असेल तर काढ आणि एकदाचा मोज. या वेळी दोऱ्याच्या जागी कपडे वाळत घालायची दोरी पाठवते आहे. काकू शोधते आहे ती.

आजीचा अंगठा

(ताई, मी चौकटीतून बाहेर जाऊन लिहितो आहे. कागद फाडवला नाही. तुम्ही म्हणाल तर फाडतो. तुमच्याशी मीही एकदा खोटा वागलो आहे. आजी म्हणतात ते मोजा. शिंपी.)


२८ जून

ती. आजीस,

नमस्कार. दोरी मिळाली. पोस्टातला माणूस म्हणाला, काय पाठवलंय. मी म्हटलं, पत्र.

फेब्रुवारीचा दोरा टेबलाच्या खणात होता. मनगटावरून मार्चमध्ये काढला होता. मोजला. सहा गाठी. पत्रात पाच गोष्टी. दूधवाली, काठी, काका, बोरं, आणि मी विसरभोळी. सहावी सापडली नाही. सहावी कोणती?

माझी पाचवी गोष्ट शिंपीकाकांनी वाचून दाखवावी. लपवून काही फरक पडत नाही. सांगूनही पडेल असं वाटत नाही. मी न बघता बघितलं म्हणाले आणि बांबू पडला. चूक त्याच्या नावावर लिहिली गेली. मला तीन महिने झाले, काही वाटत नाही. बांबूकडे दोनदा जाऊन आले. तो बहिणीकडे असतो. त्याची बायको चहा करते. मला म्हणते, तुम्ही तरी सांभाळून राहा. मी मान हलवते. कप गरम आहे की गार हे कळत नाही, पिऊन टाकते.

लोक म्हणतात, बरं झालं वेळेवर टेबल घेतलंस. मुकादमही म्हणतो. परवा एका बाईचा फोन आला. म्हणाली, आमच्या काचेवर डाग राहिलाय, डाग गेला की इथून डोंगर किती छान दिसेल. मी तिला पुढच्या महिन्याची तारीख दिली.

सोबत बोरं पाठवते आहे. डोंगरावरची. एका रविवारी जाऊन आणली.

तुझी
घोरपड


१५ जुलै

चि. घोरपडीस,

आशीर्वाद. शिंप्याने सगळं वाचलं, आधीचंही आणि आताचंही. वाचून झाल्यावर खाली गेला आणि दुकान लवकर बंद केलं. मी खिडकीशी बसले. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा म्हटलं, आज लिहायचं नाही. असे पाच दिवस गेले. म्हणून उशीर.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सहावी गोष्ट माझ्या बोटांची. जानेवारीपासून बोटांना मुंग्या यायच्या, मग मुंग्याही गेल्या. डॉक्टर म्हणाला, रक्तात साखर आहे, तिने बोटांची जाणीव खाल्ली. परत येईल का विचारलं, तर तो कागदावर काहीतरी लिहायला लागला. डॉक्टरलोक लिहायला लागले की समजावं. बारीक दोऱ्याला गाठ मारता येईना म्हणून गादीचा दोरा, मग दोरी. आता दोरीची गाठही डोळ्यांनी बघून मारते. हे सगळं मी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. शिंप्याने कात्री लावली. म्हणाला, उंचावर लटकणाऱ्या पोरीला असली बातमी देऊ नये. त्याचा चहा आठ दिवस बंद होता. आता चालू आहे. तो वाईट वागला नाही. तू तेव्हाच मोजलं असतंस तर तुला तेव्हाच कळलं असतं. दोघंही सारखेच.

आता तुझं. तू लिहितेस, काही वाटत नाही. ते मला माहीत आहे. माझ्या बोटांसारखं ते नाही. ते दुसरं आहे.

मोठ्या जावेचे पुढचे दोन दात नव्हते, तुला आठवतं? तुम्ही पोरं तिला फटबाई म्हणायचात आणि मार खायचात. तिचे दात माझ्यामुळे गेले. मी वर दोर धरून उभी होते, ती खाली पट्ट्यावर. खाली दरीत ढग भरत होते, दूध ओतल्यासारखे. मी तिकडे बघत राहिले. सुंदर होतं म्हणून बघत होते, दुसरं काही कारण नाही. दोर हातातून वावभर सरकला. ती पुरुषभर खाली गेली आणि तोंडावर आपटली. वर आली ती रक्ताने भरलेली, आणि मला म्हणाली, माझाच पाय सटकला. घरी सगळे म्हणाले, ही मेली पहिल्यापासून धांदरट. मी गप्प बसले.

आठ दिवस गप्प होते. त्या आठ दिवसांत जेवणाची चव कळली नाही. तव्याला हात लागला, फोड आला, तो संध्याकाळी दिसला. पोरं रडली तर वाटायचं, कुणाची तरी रडतायत. डोंगरावर गेले तर डोंगर म्हणजे नुसता चढ. मला वाटलं, आवडलं म्हणूनच हे झालं, तर आता काही आवडायलाच नको.

नवव्या दिवशी भारा बांधताना तिला सांगितलं. तिने हातातला विळा खाली ठेवला. मला वाटलं, आता मारते. म्हणाली, "मग आजचा माझा वाटाही तूच काप." आणि सावलीत जाऊन बसली. मी दोघींचं कापलं. दुपारी बोटाला विळा लागला, तेव्हा दुखलं. नऊ दिवसांनी पहिल्यांदा दुखलं. मी रडले. ती सावलीतून म्हणाली, "रड, पण गवत ओलं करू नकोस."

त्यानंतर चाळीस वर्षं तिने मला टोमणे मारले. शेंग आली की म्हणायची, ही तुझ्यासाठी, मला कुठे चावतात. लग्नात फोटो काढताना म्हणायची, हिला ढगांकडे तोंड करून उभी करा. चाळीस वर्षं मी ते टोमणे खाल्ले. पण चाळीस वर्षं तिच्याच ताटाशेजारी बसून जेवले. न सांगते तर टोमणे वाचले असते आणि जेवण गेलं असतं. शेवटी ती आजारी होती तेव्हा माझा हात धरायची आणि म्हणायची, "बघ बाई, नीट धर." तेव्हा माझ्या बोटांना कळत होतं.

तर आधी बांबूला सांग. मग मुकादमाला. उलट नाही. मुकादमाला आधी सांगितलंस तर ती चौकशी होते, बांबूला आधी सांगितलंस तर ते बोलणं होतं. त्याच्या बायकोसमोरच सांग, चहा व्हायच्या आत. तो काय म्हणेल मला ठाऊक नाही. तो मोठ्या जावेसारखा नसेल. कदाचित परत येऊ नको म्हणेल. म्हणाला तर उठून ये, पण सांगून ये. त्याच्या नावावरची चूक खोडून तुझ्या नावावर लिहायला लाव. टेबल गेलं तर गेलं. राहिलं तर बस तिथे, मी सोड म्हणत नाही.

काका खूश आहे. म्हणतो, बघ, शेवटी पोरीला अक्कल आली, माणसाने एक काहीतरी धरावं. त्याला मी काही सांगितलेलं नाही. पण एवढं तुला सांगते. मी पोटासाठी डोंगरात जायचे, आणि पोट भरलं की अंगणात बसून परत डोंगराकडेच बघायचे. माझी सोय होती, दोन्ही एकाच जागी होतं. तुझं दोन ठिकाणी आहे. म्हणून तुला मधलं अंतर चालावं लागतं. एवढंच आहे ते. तीन महिने नाही जमलं तर रविवार आहे. रविवारी कुणी काचा कधी पुसणार विचारत नाही.

राहिली बोरं. शिंप्यासमोर पिशवी उघडली, एक तोंडात टाकलं आणि थुंकलं. घोरपडे, माझी बोटं गेली आहेत, जीभ गेलेली नाही. ही वाण्याकडची आहेत. पाकात बुडवून वाळवलेली, सगळी एका मापाची, एकालाही देठ नाही. कपारीतलं बोर कधी दुसऱ्यासारखं नसतं. एका रविवारी जाऊन आणली म्हणे. तू घरातून बाहेरही पडली नसशील. आणि साखर मला चालत नाही हे तुला ठाऊक नव्हतं, कारण तू गाठी मोजल्या नव्हत्यास, म्हणून ते माफ. खोटं माफ नाही. पिशवी दूधवालीला दिली. तिला आवडली.

तेव्हा आता नीट ऐक, आणि शिंप्या, यातला एक शब्द कापू नकोस. बोरं अजून महिनाभर वर असतात, उंटाच्या पाठीच्या सावलीकडच्या बाजूला, दुसऱ्या पट्ट्याच्या वर. बांबूशी बोलणं झाल्यावर जा, आधी नाही. तो येतो म्हणाला तर गाडीने पायथ्यापर्यंत ने आणि दगडावर बसव. नाही म्हणाला तर एकटी जा आणि पिशवी त्याच्या दारात ने. कसंही करून पिशवीच्या तोंडाची गाठ त्याला मारू दे. त्याने मारली की तू हाताने ओढ, डोळ्यांनी बघ, मग म्हण. गाठ आली की मी ती ओठांनी तपासणार आहे.

पिशवी लहानच पाठव, माझ्याने आता फार संपत नाही. बोरं देठासकट असू देत, धुवू नकोस, वरची माती तशीच राहू दे. आणि साखर लावू नकोस.

आजीचा अंगठा